कार्डावरचं नाव वाचा

बँकेत होते म्हटलं की लोक विचारतात, ‘कॅशला होता का?’ नाही म्हटलं की विचारतात, ‘मग लोनला?’ तेही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. माझ्याकडून कुणाचं काही काम होण्यासारखं नव्हतंच. नोकरीची शेवटची काही वर्षं मी नांदेडच्या विभागीय कार्यालयात क्रेडिट कार्डाच्या तक्रारी बघत होते. नांदेड, लातूर आणि आजूबाजूच्या शाखांतून जो कुणी ‘मी हे घेतलंच नाही’ म्हणत येई, तो शेवटी जिना चढून माझ्या टेबलापाशी येत असे.

काम सांगायला सोपं आहे. कुणाच्या तरी कार्डावर खरेदी झालेली असते. कार्डाचा मालक म्हणतो, मी केली नाही. दुकानदार म्हणतो, मी माल दिला. खरं कोण, ते मी शोधायचं. आधी कार्ड बंद करायचं, मग फॉर्म भरून घ्यायचा, दुकानाकडून पावती मागवायची आणि निकाल लिहायचा. त्यात एक प्रश्न सगळ्यांत मोठा असे: पिन टाकला होता का? पिन फक्त मालकालाच माहीत असतो असं बँक धरून चालते. पिन टाकून झालेली खरेदी म्हणजे मालकानं स्वतः केलेली, नाहीतर त्याच्या निष्काळजीपणानं झालेली. तक्रार बंद. या नियमामुळे माझं काम फार हलकं झालं होतं. माझ्या हातून एक अन्याय झाला, तोही याच नियमानं.

सगळ्याच तक्रारी गंभीर नसत. एका डॉक्टरांनी तीन दिवस मला पिडलं होतं. कुठल्याशा ‘एंटरप्रायजेस’नं त्यांच्या कार्डावरून रोज थोडे थोडे पैसे काढले होते. मी चौकशी केली तर ते त्यांच्याच दवाखान्यासमोरचं मिठाईचं दुकान निघालं. पाटीवर एक नाव आणि कागदोपत्री दुसरं. हे मी सांगितलं तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती शेजारी उभ्या होत्या आणि डॉक्टरांना मधुमेह होता. त्या दिवशी चोर सापडला, पण मला कुणी धन्यवाद दिले नाहीत.

जी गोष्ट लिहायला बसले, ती सुनंदा वाघमारेची.

सुनंदा भोकरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. राहायला मुदखेडला, जाणं-येणं रेल्वेनं. नवरा मिलिंद मुदखेडच्याच एका शाळेत शिक्षक. एका सकाळी दोघं माझ्यासमोर येऊन बसले. मिलिंदनं ‘जयभीम मॅडम’ म्हटलं आणि आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. सुनंदा ड्यूटीवरून थेट आली होती. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते की रडून, ते कळत नव्हतं.

मोबाइलमध्ये आमच्याच बँकेचे मेसेज होते. सुनंदाच्या कार्डावर झालेल्या खरेदीचे. कार्ड घेताना तिनं नवऱ्याचा नंबर दिला होता, म्हणून मेसेज त्याच्याकडे येत. लातूर, कपड्यांचं दुकान. लातूर, चष्म्याचं दुकान. लातूर, बिर्याणी. लातूर, लॉज. परत बिर्याणी. अठरा दिवसांची यादी होती.

‘‘तुम्हीच विचारा हिला,’’ मिलिंद म्हणाला.

‘‘मॅडम, कार्ड माझ्या पर्समध्ये हाय,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘एटीएमवर पिन केला त्या दिवसापासून मी ते बाहेर काढलंच न्हाई. मला तर काल रात्री कळलं की असे मेसेज येऊन राहिलेत.’’

‘‘यांना अठरा दिवसांपूर्वी कळलं होतं?’’ मी विचारलं.

मिलिंदनं सांगायला सुरुवात केली. पहिला मेसेज आला तेव्हा त्याला वाटलं, घेतलं असेल काहीतरी. दुसरा-तिसरा आला तेव्हा त्यानं बायकोला न विचारता वाट बघायची ठरवलं. त्यातल्या दोन तारखांना सुनंदा प्रशिक्षणासाठी खरोखरच लातूरला होती. तिसऱ्या रविवारी तो घरी काही न सांगता लातूरला गेला आणि कपड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानदारानं वही बघून सांगितलं: जेन्ट्स जीन्स, कंबर बत्तीस.

‘‘मी अडतीस कंबरेचा माणूस हाय, मॅडम,’’ मिलिंद म्हणाला. ‘‘मग ती जीन्स कुणासाठी घेतली?’’

मी बऱ्याच नवरा-बायकोंची भांडणं त्या टेबलावर पाहिली होती. बहुतेक वेळा ती पैशाची असत. हे तसं नव्हतं. ही बाई मला खरी वाटत होती, आणि समोरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं अठरा दिवस एकट्यानं कुढून स्वतःचं वाटोळं करून घेतलं होतं. शिवाय नियमाप्रमाणे तक्रार जितकी उशिरा, तितकी ग्राहकाची बाजू लंगडी. यादीतल्या मोठ्या खरेद्या पिन टाकून झालेल्या होत्या. कागदावर ही तक्रार तिथंच संपत होती.

तरी मी फॉर्म काढला. ‘‘कार्ड द्या,’’ म्हटलं, ‘‘नंबर लिहून घेते.’’

सुनंदानं पर्समधून कार्ड काढलं. ते बँकेनं दिलेल्या कागदी पाकिटातच होतं. मी शेवटचे चार आकडे लिहिले आणि सवयीनं मेसेजमधल्या आकड्यांशी ताडून पाहिले. जुळेनात. मला वाटलं चष्मा पुसायला हवा. पुसून पाहिलं. आकडे वेगळेच होते. मग मी कार्ड उजेडाकडे धरलं आणि खालचं नाव वाचलं.

‘‘रावसाहेब बिरादार,’’ मी मोठ्यानं म्हणाले.

हे मी मनात वाचायला हवं होतं. मिलिंद खुर्चीतून उठलाच. ‘‘कोण रावसाहेब?’’

‘‘मला काय माहीत!’’ सुनंदा म्हणाली. ‘‘बुद्धाशप्पथ, मला काय माहीत न्हाई!’’

मी दोघांना खाली बसवलं आणि आधी सुनंदाचं खरं कार्ड बंद करायला मुंबईच्या कार्ड केंद्राला फोन केला. ते कार्ड कुठंतरी फिरत होतं आणि ते आधी थांबवणं भाग होतं. ‘या कार्डावर कुणी परत खरेदीचा प्रयत्न केला तर मला लगेच कळवा,’ असंही तिथं सांगून ठेवलं. मग संगणकावर रावसाहेब बिरादार शोधले. पत्ता उदगीर. मोबाइल नंबर पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा, पण अर्जावर घरचा दुसरा नंबर होता. दुसऱ्या ग्राहकाला असा सगळ्यांदेखत फोन लावणं नियमात बसत नव्हतं. मी लावला, आणि मिलिंदला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

‘‘बँकेतून बोलते,’’ एवढंच म्हणाले असेन.

‘‘बँक बिंक काय न्हाई! मी कुणाला ओटीपी सांगत नसतो!’’ असं ओरडून पलीकडच्या माणसानं फोन ठेवला.

मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. इतकी वर्षं आम्ही लोकांना हेच शिकवत होतो. मी परत फोन लावला आणि यावेळी बँकेचं नाव न घेता म्हणाले, ‘‘रावसाहेबकाका, मी उदगीरचीच. मोंढ्यात धान्याची हमाली करायचे ते तुकाराम सोनकांबळे, त्यांची लेक.’’

पलीकडचा आवाज एकदम बदलला. ‘‘तुकारामची? ती बँकेत लागलेली? आगं माय, आमची सगळी तूर तुझ्या बापाच्या पाठीवरून गेलेली हाय! बोल की, काय म्हणतीस?’’

‘‘काका, तुमचं क्रेडिट कार्ड कुठं आहे?’’

‘‘खिशात हाय. कुठं जातंय?’’

‘‘त्यावरचं नाव वाचून सांगता का?’’

‘‘माझंच असणार की. इंग्रजीत हाय ते. थांब, सूनबाईला देतो.’’ मग लांबून एका तरुण बाईचा आवाज आला, एकेक अक्षर लावत वाचलेला: ‘‘नसीम बेगम शेख.’’

त्याबरोबर त्या घरातला तिसरा आवाज उठला, वयस्कर आणि खणखणीत. ‘‘काय म्हणालीस? कोण हो ही नसीम? तुमच्या खिशात कशाला आली?’’

‘‘आगं मला काय ठावं! देवाशप्पथ मला काय ठावं न्हाई!’’ रावसाहेब कळवळून ओरडले.

मी मिलिंदकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. साठीच्या पुढचा एक शेतकरी तिकडे उदगीरला सुनंदाचंच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं बोलला होता.

मग सगळं उलगडत गेलं. नवं कार्ड आलं की एटीएमवर जाऊन त्याचा पिन तयार करावा लागतो, आणि त्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. सुनंदाचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जायचा, म्हणून नांदेडच्या एटीएममधून तिनं त्याला फोन लावला होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पर्स, समोर मशीन घाई करतंय. तिथं एक माणूस उभा होता. नीट इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. तिला वाटलं बँकेचाच असेल.

‘‘तो म्हणाला, ‘द्या मॅडम, मी धरतो,’ ’’ सुनंदा आठवून म्हणाली. ‘‘पिन टाकेपर्यंत बाजूलाच होता. मशिनीतून कार्ड त्यानंच काढून दिलं.’’

मिलिंद एकदम म्हणाला, ‘‘तो आवाज मी ऐकला होता. फोनवर. पुरुषाचा आवाज.’’ तो थांबला. ‘‘तेव्हापासूनच माझ्या डोक्यात...’’

‘‘एकदा विचारायचं होतं,’’ सुनंदा म्हणाली. ती ओरडली नाही. ‘‘अठरा दिवस माझ्या हातचं जेवलात. एकदा विचारायचं होतं.’’

मिलिंदनं तिची पर्स उचलली आणि म्हणाला, ‘‘चल, सकाळपासून उपाशी हायस तू.’’ ती उठली नाही. तिनं माझ्याकडून आणखी एक फॉर्म मागून घेतला, मोबाइल नंबर बदलायचा, आणि त्यावर स्वतःचा नंबर लिहिला. मिलिंदनं गुपचूप आपला पेन तिच्यापुढे सरकवला. मग दोघं जेवायला गेले.

ते गेले आणि मी एकटी उरले. नसीम बेगम शेख हे नाव मला नवीन नव्हतं.

कपाटातून फाइल काढली. लातूरच्या नसीम बेगम, शिवणकाम करणाऱ्या. दोन महिन्यांपूर्वी तक्रार आली होती: माझ्या कार्डावर कुणीतरी दोन महागडे मोबाइल घेतले, मी घेतले नाहीत, कार्ड माझ्याजवळच आहे. खाली निकाल होता: ‘व्यवहार मूळ कार्ड व योग्य पिन वापरून झालेला आहे. सबब तक्रार बंद करण्यात येत आहे.’ त्याखाली माझी सही. वळणदार, ठसठशीत सही. त्या दिवशी मी अशा बऱ्याच फायली निकाली काढल्या असतील आणि घरी वेळेवर गेले असेन. ‘कार्ड माझ्याजवळच आहे’ असं ती बाई लिहीत होती आणि ‘कुठलं कार्ड?’ हे मी तिला विचारलं नव्हतं.

मला फोन करायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरची एसटी पकडली.

अहमदपूरच्या अलीकडे मुंबईच्या आमच्या कार्ड केंद्रातून फोन आला. सुनंदाच्या बंद केलेल्या कार्डावर आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, लातूरच्या एका मेडिकल दुकानात खरेदीचा प्रयत्न झाला होता आणि मशिननं तो नाकारला होता. मला आधी वाटलं, सापडला! मग विचार केला. जीन्स आणि बिर्याणी घेणारा माणूस सकाळी सकाळी मेडिकलमध्ये कशाला जाईल? आणि एकदम लख्ख कळलं. सुनंदाचं कार्ड वापरून संपल्यावर त्यानं ते पुढच्या कुणाच्या तरी हातात दिलं होतं. तो नेहमी तेच करत होता. प्रत्येकाला आधीच्याचं कार्ड द्यायचं आणि त्याचं घेऊन पसार व्हायचं. हातात कार्ड आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मेडिकलमध्ये उभा असलेला माणूस चोर नव्हता, तो चौथा बळी होता, आणि त्याचं खरं कार्ड त्या घडीला चोराच्या खिशात होतं.

मेडिकलचा नंबर मिळवायला मला तीन फोन करावे लागले. एसटीत शेजारच्या बाईनं स्वतः होऊन माझी पिशवी मांडीवर घेतली.

‘‘आत्ता एका गिऱ्हाइकाचं कार्ड चाललं नाही ना? ते गेले का?’’

‘‘काका हायत अजून. रोख पैसे काढून राहिलेत,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘त्यांना थांबवा. फोन द्या.’’

काका फोनवर आले तेच भांडायच्या तयारीनं. नवं कोरं कार्ड, पहिल्यांदाच बायकोची औषधं घ्यायला वापरलं आणि चारचौघांत नाक कापलं गेलं. मी म्हटलं, ‘‘काका, पाया पडते, आधी कार्डावरचं नाव वाचा.’’

त्यांनी वाचलं. ‘‘सुनंदा मिलिंद वाघमारे. आरं! हे कुणाचं?’’

‘‘परवा-तेरवा एटीएमवर पिन करायला कुणी मदत केली होती का?’’

‘‘कालच की. लई सभ्य माणूस होता.’’

त्यांचं खरं कार्ड मी एसटीतूनच बंद करवलं. त्यावर तोवर एकच खरेदी झाली होती, बिर्याणीची. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘‘बाई, घरी काय झालं का?’’ मी म्हटलं, ‘‘न्हाई, चांगलं झालं.’’ खरंच, त्या नोकरीत एवढा आनंद मला क्वचितच झाला. आम्ही नेहमी पैसे गेल्यावर पोचायचो. त्या दिवशी आधी पोचलो.

नसीमआपांचं घर एका बोळात होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला लटकवलेले ब्लाऊज, खाली कापडाच्या चिंध्या. मी बँकेतून आले म्हटल्यावर त्यांनी मशीन थांबवलं, पण उठल्या नाहीत.

‘‘आता काय राहिलं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘हप्ता तर भरतेच हाय मी दर महिन्याला. जे मोबाइल मी डोळ्यांनी बघितले न्हाईत, त्यांचा.’’

‘‘तुमची तक्रार मी बंद केली होती,’’ मी म्हणाले. ‘‘त्या कागदावरची सही माझी आहे.’’

एक तरुण मुलगी आतून पाणी घेऊन आली. ही त्यांची भाची, हिनंच तेव्हा बँकेला पत्र लिहिलं होतं. नसीमआपांना ओटीपीसाठी कुणाला फोन करावा लागला नव्हता, मोबाइल त्यांचाच होता. पण मेसेज इंग्रजीत, म्हणून त्यांनी तो त्या सभ्य माणसाकडूनच वाचून घेतला होता. संध्याकाळी भाचीनं मेसेज पाहिले तेव्हा मोबाइलची खरेदी लक्षात आली. बहुधा त्यावरूनच चोर शहाणा झाला असावा. नंतर त्यानं फोनवर दुसऱ्याला ओटीपी विचारणारी माणसं निवडली. त्यांना खरेदीचे मेसेज लगेच कळण्याचा धोका नव्हता.

‘‘ते जुनं कार्ड अजून आहे का?’’ मी विचारलं.

‘‘बँकेनं तोडून टाका म्हटलं होतं. मी न्हाई तोडलं. म्हटलं, कधी ना कधी कुणी तरी विचारायला येईल.’’ त्यांनी सुया-बटणांच्या डब्यातून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. ‘‘दोन महिने लावले तुम्ही.’’

कार्ड मुदत संपलेलं होतं. त्यावरचं नाव मी वाचलं, आणि खात्री करायला परत वाचलं.

साखळीतलं हे पहिलं कार्ड. ते कुणाकडून पळवलेलं नव्हतं, कारण तोवर त्यानं कुणाला फसवलंच नव्हतं. सुरुवात करायला त्याच्याजवळ एकच कार्ड होतं, स्वतःचं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्याची आई अजून लातूरला राहते. पण मी त्याला ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बँकेनं कार्डं खपवायला कंत्राटावर काही तरुण घेतले होते, त्यातला तो एक. कार्ड कसं विकायचं, ग्राहकाशी आदबीनं कसं बोलायचं, पिन कसा करून द्यायचा, हे लातूरच्या शिबिरात मीच त्यांना शिकवलं होतं. कंत्राट संपल्यावर सगळ्यांना घरी पाठवलं. गळ्यातली पट्टी परत घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

त्याच दुपारी नसीमआपांना घेऊन मी पोलिसांच्या सायबर शाखेत गेले. तिथल्या फौजदार बाईंनी चारही कार्डांची हकिगत दोनदा ऐकली आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. बत्तीस कंबरेची नवी जीन्स अंगात होती.

ओळख पटवायला मला बोलावलं तेव्हा त्यानं मला ‘मॅडम’ म्हणून नमस्कार केला. मी विचारलं, ‘‘अरे, स्वतःचं नाव असलेलं कार्ड दिलंस? एवढंही कळलं नाही?’’

तो म्हणाला, ‘‘मॅडम, नाव कोण वाचतंय? कार्डं विकताना मी इतके फॉर्म भरून घेतले. लोक सही करायचे, कुणी वाचलं न्हाई. तुम्ही पण न्हाई.’’

त्याचा मला राग आला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्त आला.

चोर सापडला म्हणजे ग्राहकांचं भलं झालं असं नसतं. बँकेच्या दृष्टीनं पिन टाकून झालेली खरेदी ती खरेदीच. मी वरच्या कार्यालयाला नऊ पानांचं टिपण लिहिलं. कार्डांचे फोटो लावले, एटीएमच्या कॅमेऱ्याची चित्रं लावली, सुनंदाच्या दवाखान्याचा हजेरीपट लावला. आणि नसीम बेगम यांच्याबाबत एक ओळ लिहिली: ‘यापूर्वीचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता.’ आमच्या साहेबांनी टिपण वाचलं आणि सज्जनपणे म्हणाले, ‘‘सोनकांबळे मॅडम, तेवढी एक ओळ काढा. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. उगाच चौकशी लागेल.’’ मी दोन दिवस विचार केला. खरं सांगते, काढावी असंही वाटलं. मग तशीच पाठवली.

चौकशी लागली. मला लेखी समज मिळाली. आणि चौघांचीही सगळी रक्कम माफ झाली. नसीमआपांनी भरलेले हप्तेसुद्धा परत आले. आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर सगळ्यांत वर एक रकाना वाढला: ‘हातातील कार्डावरील नाव व शेवटचे चार आकडे’. एवढीच माझी कमाई. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, पण त्या रकान्याचा मला जास्त अभिमान आहे.

सुनंदानं मला भोकरला बोलावलं होतं, दवाखान्यातल्या नर्सना आणि आशा कार्यकर्त्यांना हे सगळं सांगायला. मिलिंद मला घ्यायला स्टेशनवर आला होता. मी ‘कसं चाललंय’ विचारलं, तर म्हणाला, ‘‘वर्ष झालं, मला घरात कुणी ‘बत्तीस’ म्हटलं की मान खाली घालावी लागती. पण चालतंय, मॅडम. हसून म्हणती ती.’’ सभागृहात सुनंदानं सगळ्यांना पर्समधली कार्डं काढायला लावली आणि नावं मोठ्यानं वाचून घेतली. त्या दिवशी बहुतेक सगळी आपापलीच निघाली. एकीच्या पर्समध्ये मात्र मुदत संपलेलं कार्ड होतं आणि दुसरीच्या पर्समध्ये नवऱ्याचं. जिच्याकडे नवऱ्याचं होतं ती म्हणाली, ‘‘हे मी मुद्दाम आणलंय.’’

रावसाहेब सणासुदीला फोन करतात. त्यांच्या घरात ‘नसीम’चा विषय अजून मिटलेला नाही.

आणि नसीमआपा. पैसे परत आल्यावर त्यांनी मला एक ब्लाऊज शिवून पाठवला, मापाशिवाय, नुसत्या नजरेच्या अंदाजानं. अचूक बसला. त्यांनी भाचीकडून इंग्रजी अक्षरं शिकायला घेतली. परवा त्यांचा फोन आला, आवाज जरा पडेल.

‘‘मॅडम, मी एक गडबड करून बसले.’’

त्या एटीएमच्या रांगेत होत्या. पुढे एक म्हातारी बाई आणि तिच्या खांद्याला खांदा लावून एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तो तिचं कार्ड मशिनीत घालतोय, तिच्या वतीनं बटणं दाबतोय, मशिनीतून कार्ड काढून आपल्याच हातात ठेवतोय. नसीमआपांचं डोकं फिरलं. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि अख्खी रांग गोळा केली. ‘‘माय, या माणसाला सोडू नका! आधी कार्डावरचं नाव वाचा!’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय. तो तिचा सख्खा जावई निघाला. परभणीहून आलेला.’’

मी फोनवर इतकी हसले की मला खोकला लागला.

‘‘हसू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी माफी मागितली त्याची. पण ती म्हातारी काय करती? म्हणाली, ‘एवढं झालंच हाय तर वाचाच बाई.’ मी एकेक अक्षर लावून वाचलं. तिचंच नाव होतं. मग तिनं जावयाच्या हातातून कार्ड घेतलं, कमरेच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, ‘आता पिन तेवढा मला शिकवा.’ ’’